सन राच्या रेकॉर्ड्सचं 'टॉप टेन' होत नसतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सन रा या अमेरिकन जॅझ पियानोवादक आणि बँडप्रमुखावर अख्खं पान बघितलं आणि आधी वाटलं दुसऱ्याच कुठल्या पेपरचं पान चुकून आत आलंय. मराठी पेपरात हा माणूस, तोही रंगीत फोटोसकट, डोक्यावर तो चमचमता टोप, अंगावर झगा. त्याबद्दल खरंच थँक्यू. पण उजव्या बाजूला जी चौकट टाकलीये ना, "ऐकायलाच हवेत असे दहा अल्बम", आणि समोर साल, आणि सगळे सालाप्रमाणे लावलेले, ती बघून हात शिवशिवायला लागले म्हणून हे लिहितेय. पत्र लांबलंय, कापायचं असेल तिथे कापा.

मुद्दा असा की या माणसाच्या रेकॉर्डवरचं साल आणि ते संगीत प्रत्यक्ष वाजलं ते साल, यांचा बऱ्याचदा एकमेकांशी काही संबंध नसतो. तुमच्या चौकटीत 'अटलांटिस' १९६९ म्हणून आहे आणि त्याच्या लगेच खाली 'हॉलिडे फॉर सोल डान्स' १९७०. आता कोणी बिचारा नवा माणूस या क्रमाने ऐकत गेला तर काय होईल, अटलांटिसच्या दुसऱ्या बाजूला वीस मिनिटांपेक्षा जास्त चालणारा तो ऑर्गनचा धुमाकूळ आहे, बुडणारं शहर म्हणा नाहीतर ज्वालामुखी म्हणा, आणि त्यानंतर एकदम 'बॉडी अँड सोल' वगैरे जुनी गोड स्टँडर्ड गाणी. त्याला वाटणार गडी थकला, मागे फिरला. तसं काही झालेलं नाहीये. सोल डान्सची गाणी १९६० च्या आसपास शिकागोत रेकॉर्ड झाली आणि टेप जवळजवळ दहा वर्षं तशीच पडून होती, सवड आणि पैसे जमले तेव्हा रेकॉर्ड निघाली. 'एंजल्स अँड डीमन्स अॅट प्ले' तर अजून गमतीशीर, निघाली १९६५ ला, पण तिची एक बाजू १९६० ची आणि दुसरी १९५६ ची. बँड तोपर्यंत न्यूयॉर्कला जाऊन पार वेगळंच काहीतरी वाजवायला लागला होता.

हे असं का झालं ते लेखात एका ओळीत उरकलंय, "त्याने स्वतःची रेकॉर्ड कंपनीही काढली". अहो तीच तर सगळी गोष्ट आहे! पन्नासच्या दशकात शिकागोत ऑल्टन अब्राहम नावाच्या मित्राबरोबर त्याने एल सॅटर्न हे लेबल काढलं. काळ्या माणसांनी स्वतःचं लेबल चालवणं, स्वतःच्या टेपा स्वतःच्या ताब्यात ठेवणं, हे त्या काळात किती जणांना जमत होतं? हातात पैसा नाही म्हणून एका वेळी थोड्याच प्रती काढायच्या, काही प्रेसिंग तर शंभराच्याही आत. कव्हर छापायला पैसे नाहीत तर बँडमधल्या लोकांनी बसून हाताने रंगवायची, मार्करने, बॉलपेनने, कधी कोरंच पाकीट. आणि विकायची कुठे तर कार्यक्रमाला, स्टेजच्या कडेला, नाहीतर पोस्टाने. त्यात लेबलं अदलाबदल झालेली, एका रेकॉर्डची पहिली बाजू दुसऱ्याच रेकॉर्डच्या बाजूला चिकटवलेली, एकाच अल्बमला दोन नावं. 'रॉकेट नंबर नाईन'च्या नावाने निघालेली रेकॉर्ड पुढे 'इंटरस्टेलर लो वेज' झाली, आत संगीत तेच. हा सगळा गुंता सोडवायला क्लेमसन विद्यापीठातले रॉबर्ट कॅम्पबेल म्हणून मानसशास्त्राचे प्राध्यापक वर्षानुवर्षं बसले, कुठल्या दिवशी कोण वाजवत होतं, टेप कुठली, खोली कुठली, आणि त्याचं जाडजूड पुस्तक झालं. मानसशास्त्राचाच माणूस लागला हे बरोबरच आहे म्हणा.

तर शंभरावर अल्बम असलेल्या माणसाला दहाच्या चौकटीत कोंबताना निदान क्रम तरी वाजवल्याचा लावायचा. मी स्वतः साल बघतच नाही, शहर बघते. शिकागो, मग न्यूयॉर्क, मग फिलाडेल्फिया. एवढं डोक्यात असलं की कुठलीही टेप कानावर पडली तरी साधारण कुठे ठेवायची ते कळतं.

शिकागो म्हणजे साधारण १९६१ पर्यंत. ही बाजू सगळ्यात सोपी आणि लेखात तिला सगळ्यात कमी जागा. माणूस १९४६-४७ ला फ्लेचर हेंडरसनच्या बँडमध्ये पियानो वाजवून, त्याच्यासाठी संगीत लिहून आलेला, म्हणजे स्विंगच्या, नाचायच्या मोठ्या बँडवाल्या जॅझच्या जमान्यातला जो मोठा उस्ताद त्याच्या हाताखाली शिकलेला. त्यामुळे 'जॅझ इन सिल्हूट' (१९५९, आणि हे साल खरं आहे!) ऐकताना कुठेच बिचकायला होत नाही, भरजरी बँड, जॉन गिलमोरचा टेनर सॅक्सोफोन, पॅट पॅट्रिकचा बॅरिटोन, आणि मधेच पायाखालून सतरंजी हळूच ओढल्यासारखं काहीतरी. त्याआधीची 'सुपर-सॉनिक जॅझ' ही सॅटर्नची पहिली एलपी, १९५६ ला रेकॉर्ड केलेली, तिच्यात इलेक्ट्रिक पियानो आहे. १९५६ ला! जॅझवाल्यांनी इलेक्ट्रिक पियानो मनावर घ्यायला अजून बरीच वर्षं होती. आणि हो, त्या रेकॉर्डमधलं पहिलंच गाणं 'इंडिया'. आपले लोक लगेच राग शोधायला जातील म्हणून सांगते, नावापुरताच इंडिया आहे, पण तालवाद्यांचा गजर छान आहे.

याच काळात तो गल्लीतल्या पोरांच्या व्होकल ग्रुप्सना गाणी बसवून द्यायचा, डू-वॉप म्हणतात ते, आणि त्यांच्या छोट्या रेकॉर्डही काढायचा. ते सिंगल्स १९९६ ला एकत्र निघाले. मला तर ते काही मोठमोठ्या गाजलेल्या अल्बमपेक्षा जास्त आवडतात, कारण त्यात हा माणूस अंतराळातला वगैरे न वाटता सरळ शिकागोच्या दक्षिण भागातला कष्टाळू मास्तर वाटतो.

न्यूयॉर्क मात्र वेगळं प्रकरण. १९६१ ला तिथे गेले, पैशाची बोंब, सगळे एकाच घरात, दिवसरात्र तालीम. पहिली रेकॉर्ड तिथे सॅव्हॉय कंपनीसाठी केली, ती टॉम विल्सनने प्रोड्यूस केली. हाच टॉम विल्सन पुढे बॉब डिलनचे अल्बम करतो, तुमच्या लेखात त्याचं नावच नाही, आणि सन राचा पहिला अल्बमही शिकागोच्या दिवसांत त्यानेच स्वतःच्या छोट्या कंपनीतून काढला होता. ते असो. खरी गंमत पुढे. ड्रमर टॉमी हंटर टेप रेकॉर्डर सांभाळायचा, त्याच्या लक्षात आलं की मशीनमधून बाहेर येणारा आवाज परत त्याच मशीनमध्ये सोडला तर प्रचंड एको तयार होतो. बाकी कोणी असता तर बंद करून पुन्हा टेक घेतला असता. इथे त्यावरच 'कॉस्मिक टोन्स फॉर मेंटल थेरपी' उभी राहिली, १९६३ ला वाजवलेली आणि १९६७ ला निघालेली. त्या नावामागेही किस्सा आहे. शिकागोत असताना अब्राहमने मनोरुग्णांच्या दवाखान्यात या बँडचा कार्यक्रम ठेवला होता, आणि तिथे वर्षानुवर्षं न हललेली न बोललेली एक बाई उठून पियानोपाशी आली आणि ओरडली की ह्याला काय संगीत म्हणायचं का! सन रा हा किस्सा फार अभिमानाने सांगायचा. मला वाटतं त्याला मिळालेली सगळ्यात चांगली दाद हीच असेल.

'द मॅजिक सिटी' इथलीच, १९६५ ची. शीर्षकाचं एक गाणंच सत्तावीस मिनिटं, एक अख्खी बाजू, कागदावर फारसं काही लिहिलेलं नाही पण सगळ्यांना कुठे जायचंय ते ठाऊक आहे असं वाटत राहतं. मॅजिक सिटी म्हणजे कुठला ग्रह वगैरे समजू नका, अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहराच्या रेल्वे स्टेशनसमोर त्या अक्षरांची भली मोठी पाटी होती. त्याच शहरात १९१४ साली हर्मन पूल ब्लाउंट, म्हणजेच आपला सन रा, जन्माला आला.

आता इथेच लेखातली दुसरी खटकलेली गोष्ट. सुरुवातच अशी की "स्वतःला शनी ग्रहावरून आलेला समजणारा विक्षिप्त कलावंत". ठीक आहे, तो म्हणायचाच तसं, मरेपर्यंत म्हणाला, कधी डोळा मारला नाही. पण ज्या गावात बसमध्ये, शाळेत, नळावर काळ्यांची जागा वेगळी, त्या गावचा, आणि १९४२ ला लढाईवर जाणार नाही म्हटलं म्हणून तुरुंगात टाकलेला माणूस म्हणतो की मी इथला नाहीच मुळी, तर त्याला नुसतं विक्षिप्त म्हणून सोडून देणं मला पटत नाही. १९५२ ला त्याने कोर्टातून नावही बदलून घेतलं. १९७१ ला बर्कलेच्या विद्यापीठात त्याने विश्वातला काळा माणूस या विषयावर अख्खा कोर्स शिकवला. आणि मग एवढा शनीचा माणूस आपल्या सगळ्यात धाडसी रेकॉर्डला नाव देतो ते स्वतःच्या गावच्या स्टेशनवरच्या पाटीचं. हे पानात आलं असतं तर फोटोतला टोप जरा वेगळा दिसला असता.

'स्ट्रेंज स्ट्रिंग्ज' बद्दल चौकटीत फक्त "अवघड" एवढाच शेरा आहे. बरोबर आहे, अवघड आहे, घरचे म्हणतात हेडफोन लाव नाहीतर बंद कर. पण का अवघड? सन राने जुन्यापुराण्या दुकानांतून कुठकुठल्या देशांची तारवाद्यं गोळा केली आणि अशा लोकांच्या हातात दिली ज्यांना ती वाजवताच येत नव्हती. सगळे आयुष्यभर सॅक्सोफोन, ट्रम्पेट वाजवणारे, ट्युनिंगचं कोणी विचारायचं नाही, आणि जोडीला पत्र्याचा मोठा तुकडा हलवायचा. आता यात कौशल्य नाही म्हणावं तर ही माणसं एकमेकांचं ऐकतायत हे स्पष्ट कळतं, दर मिनिटाला कोणीतरी थांबतं, कोणीतरी आत येतं. वर्षानुवर्षं रोज एकत्र तालीम केलेल्यांनाच हे जमू शकतं, बाहेरच्या दहा जणांना बोलावून तारा खाजवायला सांगितलं तर नुसता गोंगाट होईल.

१९६९ ला तो सिंथेसायझर बनवणाऱ्या रॉबर्ट मूगच्या कारखान्यात जाऊन आला आणि मिनीमूग सिंथेसायझर बाजारात यायच्या आधीच त्याचा प्रोटोटाइप याच्या हातात होता. १९७० च्या ऑगस्टमध्ये दक्षिण फ्रान्समध्ये फोंदासियों माग या कलासंग्रहालयात कार्यक्रम झाला त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये तो एकट्याने त्या मशीनवर तुटून पडलाय, तेवढा भाग तरी ऐकाच.

फिलाडेल्फिया १९६८ पासून पुढे. मार्शल अॅलन म्हणून त्याचा सॅक्सोफोनवाला, त्याच्या वडिलांचं मॉर्टन स्ट्रीटवर घर होतं, ते त्यांनी एका डॉलरला दिलं असं सांगतात, आणि तिथेच सगळे राहिले. इथून पुढे रेकॉर्ड्सचा नुसता पूर येतो आणि खरं सांगायचं तर सगळं काही ऐकण्यासारखं नाहीये. सत्तरच्या दशकातल्या काही लाइव्ह टेपा इतक्या वाईट आहेत की मायक्रोफोन बाथरूममध्ये ठेवला होता की काय. ज्यांना सगळं जमवायचंय त्यांनी जमवावं, मला त्यात रस नाही. पण याच पुरात १९७८ ची 'लँक्विडिटी' सापडते, रात्रीच्या प्रवासात लावावी अशी सुस्त, फंकी, आणि त्याच वर्षी जानेवारीत इटलीत फक्त चौघांनी मिळून केलेली 'डिस्को ३०००', ज्यात स्वस्तातल्या ऑर्गनच्या ऱ्हिदम बॉक्सवर गिलमोर जीव तोडून वाजवतोय. १९८२ ला त्याने 'न्यूक्लियर वॉर' म्हणून गाणं केलं, अणुबॉम्बवर, चक्क शिव्या घालून, आणि त्याची खात्री होती की हे हिट होणार. कोलंबिया या बड्या रेकॉर्ड कंपनीने नको म्हटलं, मग इंग्लंडमधल्या छोट्या लेबलने काढलं. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला असं वाटणं हेच मला भारी वाटतं.

आणि पोटापाण्याची कामंही होती हो. १९६६ ला बॅटमॅनची लाट आली तेव्हा लहान मुलांसाठी एक रेकॉर्ड निघाली, 'डॅन अँड डेल' अशा खोट्याच नावाने, त्यावर ऑर्गन वाजवलाय सन राने, कव्हरवर त्याचं नाव कुठेच नाही. म्हातारपणी तर तो डिस्नेच्या गाण्यांचे कार्यक्रम करायचा, १९८९ चं ऑस्ट्रियातलं एक रेकॉर्डिंग त्याच्या पश्चात निघालं. टिंगल करत नव्हता, मनापासून गात होता. हे चौकटीत बसत नाही म्हणून टाकायचं नाही, असं कसं चालेल?

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते. तुमच्या लेखात म्हटलंय की "त्याच त्या चाली तो आयुष्यभर पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करत राहिल्याने डिस्कोग्राफी अकारण फुगली", म्हणजे रेकॉर्ड्सची यादी उगाच वाढली. अकारण? 'रॉकेट नंबर नाईन' १९६० ला शिकागोत रेकॉर्ड केलं तेव्हा ते हार्ड बॉपवाल्यांनी, म्हणजे त्या काळच्या जोरकस जॅझवाल्यांनी, केलेली मस्करी वाटते, १९७२ ला 'स्पेस इज द प्लेस' अल्बमसाठी पुन्हा केलं तेव्हा तो जवळजवळ मोर्चातला नारा झालाय. 'एनलायटनमेंट' जॅझ इन सिल्हूटवर नुसतं वाजवलेलं आहे, पुढे जून टायसन ते गाते आणि सगळा बँड प्रेक्षकांतून रांगेने फिरतो. फ्लेचर हेंडरसनच्या जुन्या चाली तो १९८० ला स्वित्झर्लंडमध्ये वाजवतो, तीसच्या दशकातलं ते संगीत, पण वेग असा की मूळवाल्यांना धाप लागली असती, आणि मधे गिलमोर असा काही किंचाळतो की हेंडरसनने त्याला हाकलूनच दिलं असतं.

आणि हे आपल्याला सांगायला लागावं? आपल्याकडचा रसिक काय करतो? भीमसेनजींचा शुद्ध कल्याण एलपीवर ऐकलेला असतो, तरी सवाईतला वेगळा, कोणाच्या तरी घरच्या बैठकीतला वेगळा, अमुक साली तब्येत बरी नव्हती तेव्हाचा वेगळा, आणि सगळ्या कॅसेटी नावं घालून कपाटात. यमन गायला म्हणून कोणाची डिस्कोग्राफी फुगल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. खरं तर सन रा ऐकायला मराठी माणसाचा कान आयताच तयार आहे, एक चाल घ्यायची आणि ती शिकागोत, न्यूयॉर्कात, युरोपच्या दौऱ्यात कशी होत गेली ते बघायचं. शंभर अल्बमची भीतीच वाटत नाही मग. मी 'लव्ह इन आउटर स्पेस' असंच ऐकत गेले, अजून ऐकतेच आहे, दर वेळी ड्रम्सची चाल तीच आणि वर काय होईल त्याचा नेम नाही.

मिळण्याचं म्हणाल तर आता कठीण राहिलेलं नाही. १९९० नंतर एव्हिडन्स नावाच्या कंपनीने जुन्या सॅटर्न रेकॉर्ड्स सीडीवर काढल्या, दोन दोन अल्बम एका सीडीवर, आणि माहितीपत्रकात कुठलं कधीचं ते नीट दिलं. २०१४ ला जन्मशताब्दीला मूळ टेपांवरून नव्याने तयार केलेले एकवीस अल्बम डिजिटल आले. फक्त स्ट्रीमिंगवर एकच रेकॉर्डिंग तीन वेगळ्या नावांनी दिसतं आणि साल तर वाट्टेल ते टाकलेलं असतं, काही ठिकाणी रीइश्यूचंच. तुमच्या चौकटीतली एक-दोन सालं तिथूनच उचलली असावीत असा मला संशय आहे.

म्हणून विनंती एवढीच की पुढे कधी अशी चौकट छापलीत तर प्रत्येक अल्बमपुढे दोन सालं टाका, वाजवल्याचं आणि निघाल्याचं, आणि शहराचं नाव. आणि दहाच द्यायचे असतील तर निदान एक नंबर, दोन नंबर करू नका.

शेवटचं, ही मात्र सरळ माहितीची चूक आहे. लेखाचा शेवट "३० मे १९९३ रोजी सन राच्या निधनाबरोबर हा प्रवास थांबला" असा केलाय. थांबलेला नाही. आधी गिलमोरने बँड चालवला, तो १९९५ ला गेला, आणि तेव्हापासून मार्शल अॅलन, तोच ज्याच्या वडिलांचं घर. १९५८ पासून तो या बँडमध्ये आहे. २०२० ला त्यांनी नवा अल्बम काढला, त्याला ग्रॅमीचं नॉमिनेशन मिळालं, २०२४ च्या मे महिन्यात अॅलनने शंभरी पूर्ण केली आणि २०२५ ला स्वतःच्या एकट्याच्या नावाने आयुष्यातला पहिला अल्बम काढला. तेवढी दुरुस्ती येत्या रविवारी छापा, बाकी पत्राला जागा नसली तरी चालेल.

आपली नम्र,
एक नियमित वाचक, नाशिक